आयर्लंडांतील जुने दगड व त्यांचीं छायाचित्रें

(महोत्सव-सप्ताहांत चर्चच्या पटांगणांत पडद्यावर चित्रें दाखवून दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आठवड्यांत आपण प्रवचनें पुष्कळ ऐकलीं, आणि आज पुन्हां आम्हीच उभे राहिलों हें पाहून कित्येकांच्या मनांत धडकी भरली असेल. परंतु भिण्याचें कारण नाहीं. आज आम्ही उपदेश करणार नसून चित्रें दाखविणार आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आयर्लंड देशांतील एका धर्मग्रामांत, तेथील धर्मगुरू रजेवर गेले असतां, त्यांच्या जागीं दोन महिने काम पाहण्याचा योग आम्हांस आला होता. सकाळची मिस्सा आटोपली, आजाऱ्यांस भेटून झालें, म्हणजे उरलेला दिवस आमचा असे. आणि त्या देशांत ऐन उन्हाळ्यांत रात्रीं दहापर्यंत उजेड राहतो. आमच्याजवळ एक बेताचा कॅमेरा होता. एका सद्गृहस्थानें आपली जुनी मोटार वापरावयास दिली. एवढ्या भांडवलावर आम्हीं त्या देशांतील जुने दगड पाहण्यास आरंभ केला.

चित्रें नऊशेंच्यावर निघालीं. त्यांपैकीं साठच आज आणलीं आहेत. बाकीचीं कां आणलीं नाहींत हें पहिल्या चित्रावरूनच ध्यानांत येईल.

हें पहा. कुरणांत एक करडा खांब उभा आहे, त्यास दोन हात आहेत, यापलीकडे यांत कांहींच दिसत नाहीं. हा लौथ परगण्यांतील मोनास्टरबॉइस येथील मुरेडाखचा क्रूस होय. दहाव्या शतकाच्या आरंभीं घडविलेला, सुमारें साडेपांच मीटर उंच, आणि आयर्लंडांतील सर्व कोरीव क्रूसांत उत्तमांपैकीं एक, असें जाणते सांगतात. एवढ्या थोर वस्तूचें असें दरिद्री चित्र काढणारा कोण, असें विचाराल तर तो आपणांपुढें उभा आहे. सकाळीं नवाच्या सुमारास आम्ही तेथें पोहोंचलों. पूर्वेचें ऊन समोरून क्रूसावर पडलें होतें. ऊन भरपूर आहे, आतां चित्र चांगलें येणारच, अशा समजुतीनें आम्हीं वीस वेळां कळ दाबली आणि परत निघालों. परंतु मोटार सुरू होईना. ती दुरुस्त होईपर्यंत दुपार झाली, आणि त्या दुपारीं आम्हांस जें शिकावयास मिळालें तें कोणत्याही पुस्तकांत आम्हीं वाचलें नव्हतें.

दगडावरील कोरीव काम रंगानें दिसत नाहीं, सावलीनें दिसतें. ऊन समोरून आलें म्हणजे उंचवटा आणि खळगा हे दोन्ही सारखेच उजळतात आणि सारा दगड सपाट होतो. तेंच ऊन बाजूनें, दगडाच्या अंगास जवळजवळ घासून आलें, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचवट्याचीही सावली पडते. हा क्रूस एक तोंड पूर्वेस व एक पश्चिमेस करून उभा आहे. म्हणून सूर्य दक्षिणेस येण्याच्या थोडें आधीं पूर्वेची बाजू उघडते, आणि तो ढळला कीं थोडा वेळ पश्चिमेची. उन्हाळ्यांत तेथील घड्याळें एक तास पुढें केलेलीं असतात. त्यामुळें खरा मध्याह्न दीडच्या सुमारास होतो.

आतां दुसरें चित्र. तोच क्रूस, तोच दिवस, घड्याळांत एक वाजण्याची वेळ. मध्यभागीं ख्रिस्तराजा जगाचा न्याय करण्यास उभा आहे. त्याच्या उजव्या हातास तारण पावलेले लोक त्याच्याकडे तोंड करून उभे आहेत, डाव्या हातास दंडिलेले पाठ फिरवून चालले आहेत आणि सैतान त्यांस हांकीत आहे. खालीं संत मिखाएल तराजूंत आत्मा तोलीत आहे, आणि तराजूखालीं उताणा पडलेला दुष्टात्मा काठीनें पारडें हालवूं पाहत आहे. त्याखालीं ज्ञानी राजे बाळ येशूच्या भेटीस आले आहेत, मोशे खडकावर काठी मारीत आहे, दावीद गल्याथाशीं झुंजत आहे, आणि तळाशीं आदाम, हव्वा व तें झाड. सकाळच्या चित्रांत हें सर्व होतेंच. आम्हीं पाहिलें नाहीं इतकेंच.

पश्चिमेच्या अंगावर प्रभूचें क्रूसारोहण आहे. तें दुपार ढळल्यावर दिसूं लागलें. तेथेंच खांबाच्या तळाशीं दोन मांजरें बसलीं आहेत. पुढें बसलेल्या मुलांसाठीं तीं मोठीं करून दाखवितों. पण मांजरांवरून दृष्टि थोडी वर न्या. तेथें आयरिश भाषेंत दोन ओळी आहेत, आणि त्यांचा अर्थ इतकाच कीं, ज्यानें हा क्रूस करविला त्या मुरेडाखसाठीं प्रार्थना करा. एवढा खर्च, एवढी कारागिरी, आणि मोबदल्यांत मागितली ती एक प्रार्थना, तीही नांव घेऊन. हा लेख आपण मनांत धरून ठेवावा. आजचें सारें बोलणें त्याच्याभोंवतीं फिरणार आहे.

येथून थोड्याच अंतरावर, मीथ परगण्यांत, बॉइन नदीच्या कांठीं न्यूग्रेंज आहे. इसवी सनापूर्वीं ३२०० च्या सुमारास दगडमातीची ही टेकडी माणसांनीं रचली. म्हणजे मिसर देशांतील सर्वांत मोठ्या पिरॅमिडापेक्षांही ही कांहीं शतकांनीं वडील. आंत एकोणीस मीटर लांबीची दगडी वाट आणि तिच्या टोकास गाभारा. गाभाऱ्याचें छत चुन्याशिवाय, एकेक शिळा थोडी थोडी पुढें सारीत रचलें आहे, आणि पांच हजार वर्षांत तें गळलेलें नाहीं. (हें वाक्य आमच्या बांधकाम समितीनें लिहून घ्यावें.) दाराच्या वर एक झरोका आहे. डिसेंबरच्या २१ तारखेच्या आगेंमागें, जेव्हां दिवस अत्यंत लहान असतो, तेव्हां उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यांतून शिरून गाभाऱ्यापर्यंत पोहोंचतो आणि सुमारें सतरा मिनिटें तेथें राहतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकल ओ'केली यांनीं १९६७ सालीं त्या पहाटे आंत बसून हें पाहिलें.

गाभाऱ्यांत चित्र काढण्यास मनाई आहे, म्हणून पडद्यावर केवळ दारांतील शिळा दिसते; तिच्यावरील वेटोळीं पहा. या मनाईचा आम्हांस प्रथम राग आला. पण आंत गेल्यावर वाटाड्यानें दिवे मालविले, विजेच्या एका बारीक दिव्यानें तो किरण करून दाखविला, आणि आम्ही रिकाम्या हातांनीं उभे राहिलों. खरें सांगावयाचें तर कित्येक ठिकाणीं आम्हीं चित्रें काढलीं व पाहिलें कांहींच नाहीं. येथें मात्र पाहिलें.

हें पुढचें चित्र क्लेअर परगण्यांतील बरेनचें. मैलोगणती चुनखडीचा उघडा दगड, त्याच्या भेगांतून उगवलेलीं फुलें, आणि मध्यें पूलनाब्रोन: उभ्या शिळांवर तोललेली एक आडवी शिळा, एखादा पक्षी उडण्याच्या बेतांत असावा तशी. या ठिकाणीं प्रवाशांची इतकी गर्दी असते कीं माणसांशिवाय चित्र मिळावें म्हणून आम्ही पहाटे पांचला गेलों, तर तेथें आमच्याही आधीं दोन छायाचित्रकार तिपाया लावून बसले होते! एका उभ्या शिळेस तडा गेल्यामुळें १९८६ सालीं तेथें खोदकाम झालें. खालीं तीसहून अधिक माणसांच्या अस्थि निघाल्या; त्यांत लहान मुलेंही होतीं. सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींचीं तीं माणसें. कोणी तरी त्यांस जपून ठेविलें, मोठ्या कष्टानें शिळा चढविली. पण त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, कारण तेव्हां तेथें लिपीच नव्हती.

लिपी आली ती फार पुढें, चौथ्या-पांचव्या शतकांत, आणि ती अशी कीं प्रथम पाहणाऱ्यास ती लिपी वाटूंच नये. उभ्या दगडाच्या कडेवर कोयत्याचे घाव घालावेत तशा आडव्या-तिरप्या रेघा. वाचावयाच्या खालून वर. या लिपीस ओघम म्हणतात. असे सुमारें चारशें दगड उपलब्ध आहेत, आणि त्यांवर लिहिलें आहे तें बहुधा केवळ एवढेंच: अमक्याचा, अमक्याच्या पुत्राचा. त्या देशांतील लोकांस लिहितां येऊं लागलें तेव्हां त्यांनीं दगडावर प्रथम माणसाचें नांव लिहिलें, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. डब्लिन येथील संशोधकांनीं अशा दगडांवर यंत्राचा किरण फिरवून त्यांची हुबेहूब प्रतिकृति गणकयंत्रांत उतरवून ठेविली आहे, कारण पावसानें ह्या रेघा दरवर्षीं थोड्या थोड्या पुसट होतात.

आतां क्लॉनमॅक्नॉइझ. शॅनन नदीच्या कांठीं संत कियारान यांनीं सहाव्या शतकाच्या मध्यास स्थापिलेला हा मठ एके काळीं विद्येचें माहेरघर होता. १५५२ सालीं अथलोन येथील इंग्रज शिबंदीनें तो लुटला, आणि पुन्हां तो वसला नाहीं. पोप दुसरे जॉन पॉल १९७९ सालीं ३० सप्टेंबर रोजीं येथें प्रार्थनेस आले होते. येथें आमची फजिती झाली ती सांगतों. शास्त्रग्रंथांचा क्रूस म्हणून येथील क्रूस प्रसिद्ध आहे. मुरेडाखच्या क्रूसापाशीं मिळालेली विद्या वापरून आम्हीं एक तासभर उन्हाची वाट पाहिली, गवतावर आडवे झालों, चित्रें घेतलीं. मग तेथील पहारेकरी जवळ येऊन अत्यंत नम्रपणें म्हणाला, "फादर, खरा क्रूस आंत आहे, हा नकली." ऊन-पावसानें कोरीव काम झिजूं लागल्यामुळें १९९० नंतर येथील मोठे क्रूस इमारतींत हलविण्यांत आले आणि बाहेर त्यांच्या प्रतिकृति उभ्या केल्या. आंत क्रूस सुरक्षित आहे. पण सूर्य त्याच्याभोंवतीं फिरत नाहीं. म्हणून हीं दोन चित्रें आम्हीं शेजारीं ठेविलीं आहेत: एकांत खरा दगड व विजेचा दिवा, दुसऱ्यांत नकली दगड व खरें ऊन. कोणतें अधिक खरें हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

परंतु क्लॉनमॅक्नॉइझचें खरें धन म्हणजे तेथील थडग्यांच्या शिळा. सातव्या-आठव्या शतकापासूनच्या शेंकडों शिळा तेथें मिळाल्या. एक साधा क्रूस, आणि शेजारीं अमक्यासाठीं प्रार्थना, एवढेच शब्द. जॉर्ज पेट्री नांवाच्या चित्रकारानें एकोणिसाव्या शतकांत यांपैकीं पुष्कळ शिळा हातानें रेखाटून ठेविल्या. त्यांतील कांहीं शिळा आज सांपडत नाहींत. दगड गेला, कागद राहिला, आणि त्या माणसाचें नांव अजून वाचतां येतें.

पडक्या मठांविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे, कारण आपणांपैकीं पुष्कळांस तें दृश्य ओळखीचें वाटेल. राजा आठवा हेन्री यानें १५३६ पासून मठ बंद करण्याचा सपाटा लावला. जमिनी वांटून टाकल्या, छपरांचें शिसें व घंटा विकल्या. छप्पर गेलें कीं पुढचें काम पाऊस करतो. आज त्या देशांत वाटेंत कोठेंही मोटार थांबवावी आणि भिंतीपलीकडे पाहावें, तर एखादी कमान उभी असते आणि तिच्याखालीं गाई रवंथ करीत असतात. अशा जागीं चित्र काढणाऱ्यास एक मोह होतो: भिंतीवर चढलेली वेल, मागें काळे ढग, वर एखादा कावळा, कीं झालें दुःखाचें चित्र तयार. आम्हींही अशीं शेंदीडशें काढलीं. तीं आज दाखविणार नाहीं. दिसण्यास सुंदर आहेत, पण त्यांत कोणीच नाहीं. आणि तीं पडकीं मंदिरें तशीं ओस नाहींत. तेथील लोक आजही आपले मृत त्याच भिंतींच्या आंत पुरतात. वर आकाश, खालीं गवत, आणि मध्यें गेल्या महिन्यांतील ताजीं फुलें.

मेयो परगण्यांतील बॉलिन्टबरचा मठ तर विलक्षणच. कॉनॉटच्या राजानें तो १२१६ सालीं बांधविला. मठ बंद झाला, १६५३ सालीं क्रॉमवेलच्या सैनिकांनीं छप्पर जाळलें, तरी लोक तेथें मिस्सेस येतच राहिले. पावसांत, उघड्या आकाशाखालीं, पिढ्यानुपिढ्या. १९६६ सालीं, स्थापनेस साडेसातशें वर्षें झालीं त्या महोत्सवाच्या निमित्तानें, मुख्य मंदिरावर पुन्हां छप्पर चढलें. आमच्या महोत्सवांत आपण नव्या ध्वनिक्षेपकासाठीं वर्गणी काढली, त्याबद्दल आम्ही आभारी आहों. पण हें चित्र पाहतांना थोडी लाज वाटते.

हे दगड कॅमेऱ्यानें टिपण्याचें काम आमच्यासारख्या हौशी माणसांनीं सुरू केलेलें नाहीं. डनरेव्हनचे तिसरे अर्ल हे एकोणिसाव्या शतकांत छायाचित्रकारास बरोबर घेऊन सारा देश हिंडले. त्या वेळीं कांचेवर रसायन ओतून ती ओली असतांच चित्र घ्यावें लागे आणि लगोलग काळोख्या तंबूंत धुवावें लागे. म्हणजे कांचा, बाटल्या, तंबू, सारा संसार पाठीवर, आणि तोही होडींतून बेटांवर न्यावयाचा. अर्ल १८७१ सालीं वारले. मार्गारेट स्टोक्स या विदुषीनें त्यांचा ग्रंथ १८७५ ते १८७७ या काळांत दोन खंडांत प्रसिद्ध केला. पुढें सरकारनें पुष्कळ ठिकाणीं डागडुजी केली. ती होण्यापूर्वीं त्या भिंती कशा होत्या हें पाहावयाचें तर आजही तींच चित्रें काढून पाहावीं लागतात. आणखी एक गोष्ट. १९२२ सालीं यादवी युद्धांत डब्लिन येथील सरकारी दफ्तरखाना जळाला आणि कित्येक शतकांचे कागद एका दिवसांत राख झाले. त्यानंतर कबरीवरील एकेका ओळीचें मोल वाढलें.

आणि एका धर्मगुरूचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. येशूसंघीय फादर फ्रान्सिस ब्राउन (१८८०–१९६०) यांस त्यांच्या बिशप चुलत्यानें तरुणपणीं कॅमेरा दिला. १९१२ च्या एप्रिल महिन्यांत ते टायटॅनिक जहाजावरून साउदॅम्प्टनहून आयर्लंडच्या बंदरापर्यंत आले. बोटीवरील एका श्रीमंत जोडप्यानें त्यांस आपल्या खर्चानें न्यूयॉर्कपर्यंत नेण्याची तयारी दाखविली, पण वरिष्ठांची तार आली कीं उतरा. ते उतरले, जहाजाचें पुढें काय झालें तें आपण जाणतांच. आज्ञापालनाचें एवढें रोख फळ फार थोड्या धर्मगुरूंस मिळालें असेल! त्यानंतरहि ते आयुष्यभर खेड्यापाड्यांतून प्रवचनें देत आणि चित्रें काढीत हिंडले. त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनीं, १९८५ सालीं, एका पेटींत सुमारें ४२,००० चित्रांच्या मूळ फिती दुसऱ्या एका येशूसंघीयास सांपडल्या. फिती खराब होण्याच्या पंथास लागल्या होत्या. वेळेवर नव्या फितींवर उतरविल्या म्हणून वांचल्या.

आतां दिवे आणखी थोडे कमी करा. हें शेवटून दुसरें चित्र.

क्लेअर परगण्यांतील एका लहानशा पडक्या मठांत आम्ही संध्याकाळीं गेलों होतों. तेथें एक वृद्ध शेतकरी गुडघ्यांवर बसून गवत उपटीत होता. आमच्या गळ्यांतील कॅमेरा व कॉलर पाहून तो उठला. म्हणाला, "फादर, हा आमचा दगड. वरची ओळ आमच्या पणज्याची, ती आम्हां सर्वांस पाठ आहे. खालीं कांहीं नक्षी आहे, ती कसली तें कोणास सांगतां येत नाहीं." दगडावर सर्वत्र दगडफूल माजलें होतें. आपल्या घरच्या मसाल्यांत जें आपण घालतों, त्याच जातीचें हें. तें खरवडूं नये, कारण त्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. खडूही चोळूं नये. सूर्य भिंतीआड गेला होता. आमच्याजवळ एक साधा आरसा होता, दाढी करण्याचा, किंचित मोठा. भिंतीच्या खिंडारांतून ऊन येत होतें तेथें आम्हीं वृद्ध गृहस्थास उभें केलें, आणि आरशानें तें ऊन दगडाच्या कडेवरून तिरपें टाकावयास सांगितलें. त्याचा हात कांपत होता, म्हणून उजेडही कांपत होता.

नक्षी नव्हती. अक्षरें होतीं. एका मुलीचें नांव, वय चार वर्षें, आणि साल १८४७. बटाट्याचें पीक कुजून त्या देशांत दुष्काळ पडला, सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच परदेशीं गेलीं, त्या दुष्काळांतील अत्यंत घोर वर्ष तें. "काळें सत्तेचाळीस" असें त्यास तेथें अजून म्हणतात. वृद्धानें तें नांव दोनदां वाचलें. मग आरसा खालीं ठेवून तो म्हणाला, "आमच्या घरांत हिच्यासाठीं कोणी कधीं मिस्सा सांगितली नाहीं, फादर. हिचें नांवच कोणाला ठाऊक नव्हतें." येत्या रविवारीं आम्हीं ती अर्पिली. तो आणि त्याची बहीण पहिल्या बाकावर होते. हें चित्र, थोडें हाललेलें, तेंच आहे. नांव आम्हीं मुद्दामच झांकलें आहे. तें त्यांच्या घरचें आहे.

शेवटचें चित्र पडद्यावर येणार नाहीं, कारण तें आमच्याजवळ नाहीं.

वीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत आम्ही नवेच प्रमुख धर्मगुरू झालों होतों. चर्चच्या अंगणांत जुन्या काळच्या कांहीं थडग्यांच्या शिळा होत्या. कांहींवर पोर्तुगीज, कांहींवर मराठी अक्षरें, सारीं झिजलेलीं. पावसांत त्यांवरून लोक घसरत. आम्हीं नवी फरशी घालावयाचें ठरविलें. शिळा नव्या सभागृहाच्या जोत्यांत भरीस गेल्या. कोणी हरकत घेतली नाहीं, आणि ज्यांनीं घेतली असती त्यांस आम्हीं विचारलें नाहीं. दोष आमचा आहे, दुसऱ्या कोणाचा नव्हे. त्या वर्षीं नोव्हेंबरच्या दोन तारखेस, मृतांच्या दिवशीं, एक म्हातारी बाई मेणबत्ती व झेंडूचीं फुलें घेऊन आली. ती त्या चकचकीत फरशीवर इकडून तिकडे फिरली. आम्हांस पाहून म्हणाली, "फादर, दगड इथंच कुठंतरी होता. आता अंदाजानं लावते." आणि तिनें एका फरशीवर मेणबत्ती लाविली. त्या शिळेवर काय लिहिलें होतें, हें आम्ही तिला सांगूं शकलों नाहीं. आम्हीं तें कधीं वाचलेंच नव्हतें.

कॅमेरा तेव्हांही आमच्याजवळ होता. सभागृहाच्या पायाभरणीचीं तीस चित्रें आम्हीं काढलीं होतीं.

आपल्या वसईच्या किल्ल्यांतील मंदिरांचे शिलालेख डॉ. जर्सन दा कुन्हा यांनीं उतरून घेतले आणि १८७६ सालीं छायाचित्रांसह ग्रंथांत छापिले. म्हणजे डनरेव्हनच्या ग्रंथाच्या ऐन त्याच काळांत. किल्ल्याचें तेवढें तरी झालें. आपल्या या चर्चमागील कबरस्थानांतील जुन्या शिळांचें कोणींच केलेलें नाहीं. पश्चिमेच्या भिंतीलगत, चिंचेखालीं, अठ्ठावीस शिळा आहेत. आम्हीं त्या मोजल्या, पण त्यांपैकीं नऊच वाचतां आल्या. आयर्लंडांत सूर्य हिंवाळ्यांत भर दुपारींही क्षितिजापासून फार वर चढत नाहीं, त्यामुळें तेथें तिरपें ऊन दिवसभर मिळतें. आपल्याकडे तो लवकर डोक्यावर येतो. आपणांस सकाळचा तासभर व संध्याकाळचा तासभर, एवढाच अवकाश.

तरी येत्या रविवारीं पहिल्या मिस्सेनंतर, सव्वासातला, तरुणांनीं आपापले फोन घेऊन कबरस्थानांत जमावें. प्रत्येक शिळेचीं चार चित्रें, चार बाजूंनीं ऊन टाकून. शेजारीं माप म्हणून शाळेची पट्टी ठेवावी, आणि शिळेचा क्रमांक वहींत लिहावा. खडू, पाणी, ब्रश कोणीं आणूं नये. वाचतां आलेलें प्रत्येक नांव त्या दिवशींच नोंदवहींत चढेल, आणि नोव्हेंबरांत मिस्सेच्या वेळीं वाचलें जाईल. ज्या आजींस व आजोबांस जुनीं घराणीं ठाऊक आहेत त्यांच्यासाठीं चिंचेखालीं खुर्च्या मांडल्या जातील. मुलांनीं त्यांस हात धरून आणावें. आरसा ज्यांच्या घरीं मोठा असेल त्यांनीं तो घेऊन यावा. आमचा लहान आहे.